पप्पांना कसे सांगू?

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आणि सातवीत शिकणाऱ्या मुलीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती तिसरीत असताना तिची आई वारली. घरात वडील आणि आजी. वडील एसटीत वाहक असून आठवड्यातून दोन-तीन रात्री मुक्कामी गाडीवर असतात. एप्रिलमध्ये तिला पहिली पाळी आली, तेव्हा तिला बारा वर्षे पूर्ण झाली होती. मे महिन्यात पुन्हा आली, जूनमध्ये आली नाही, जुलैच्या सुरुवातीला आली. एका मैत्रिणीखेरीज हे कोणालाही ठाऊक नाही. शिकवणीहून परतताना ती रिक्षा न करता चालत येते आणि वाचलेल्या पैशांतून, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा दूरच्या मेडिकलमधून पॅड आणते. ते पुरवून वापरावे लागतात, म्हणून शाळेच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच पॅड. आतले कपडे ती रात्री धुते आणि कपाटामागच्या दोरीवर टॉवेलखाली वाळत घालते. वडील दर रविवारी स्वतःच्या खाकी गणवेशाबरोबर तिचाही शाळेचा गणवेश इस्त्री करतात. सलवारीला डाग पडल्यापासून तिने तो जोड लपवून ठेवला आहे आणि 'शिलाई उसवली म्हणून टेलरकडे टाकलाय' असे त्यांना सांगितले आहे.

गेल्या वर्षी गौरीच्या वेळी आतेबहिणीला पाळी आली, तेव्हा आजीने तिला तीन दिवस मागच्या खोलीत बसवले, तिचे ताट दारातून आत सरकवले आणि गल्लीभर ते झाले. आजीचे गुडघे दुखत असल्यामुळे गौरींना साड्या नेसवण्याचे काम गेली दोन वर्षे ही मुलगीच करते. यंदाच्या गौरी जवळ आल्या आहेत. ती विचारते: "पप्पांशी असलं बोलायचं नसतं ना? त्यांना सांगू का, आणि सांगायचं तर कोणत्या तोंडानं? का दहावी होईपर्यंत असंच चालवू?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तू जे प्रश्न विचारले आहेस त्यांच्याआधी मला तुझ्या पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेल्या वाक्याचे उत्तर द्यायचे आहे, कारण रात्री झोप न येण्याचे कारण बहुधा तेच असावे. जूनमध्ये पाळी आली नाही, तेव्हा 'रक्त आत साठून राहतं' असे मैत्रिणीने तुला सांगितले. तसे काहीही झालेले नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांचे आणि अंडाशयाचे काम एका लयीत आलेले नसते. कित्येक महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही आणि त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर कधी लवकर सुटते, कधी बरेच उशिरा. मोठ्या बायका २८ दिवसांचा हिशेब सांगतात तो तुझ्या वयाला लावायचा नसतो. तुझ्या वयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस जाणे सर्वसाधारण समजले जाते आणि पहिल्या वर्षात एखादे अंतर त्याहून लांबले तरी लगेच घाबरण्याचे कारण नसते. सलग तीन महिने पाळी आली नाही, ती सात दिवसांपेक्षा जास्त चालली, दर तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजू लागले, चक्कर आली किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचे. एका पाळीत साधारणपणे दोन ते तीन मोठे चमचे रक्त जाते. कापडावर ते पसरते म्हणून जास्त दिसते.

आता पाहा, या एका भीतीचे निरसन करायला चार वाक्ये पुरली, आणि ती न ऐकता तू सारा जून काढलास. तुला वाटते आहे की गुपित ठेवल्यामुळे तू सुरक्षित आहेस. मला तुझ्या पत्रात याच्या नेमके उलट दिसते. पैसे पुरवायचे म्हणून तू सात-आठ तास एकच पॅड वापरतेस. ते दर चार ते सहा तासांनी बदलायला हवे, डाग कमी दिसला तरीही. टॉवेलखाली, वारा-ऊन न लागता अर्धवट वाळलेले कपडे अंगात घातले की खाज सुटते, पुरळ येते, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. शिकवणीहून तू अंधारात एकटी चालत येतेस, आणि तू रिक्षातच आहेस असे घरी धरून चालले आहेत. तुझा गणवेशाचा एक जोड पिशवीत कोंबून पडलेला आहे. पाळीमुळे यांतले काहीही झालेले नाही. सगळे ती लपवण्यामुळे झाले आहे. दहावी होईपर्यंत हे चालवायचे म्हणजे आणखी तीन वर्षांहून जास्त. (जाता जाता एक गंमत सांगते: राज्याच्या पाठ्यपुस्तकात मासिक पाळीचे सविस्तर चक्र दहावीच्या विज्ञानात येते. निसर्गाने तुला तो धडा सातवीतच घालून दिला, आता पुस्तकाची वाट पाहत बसण्यात काय अर्थ?)

तेव्हा सांगायचे की नाही, हा प्रश्न माझ्या मते उरत नाही. कोणाला आणि कसे, एवढेच ठरवायचे आहे.

पप्पांशी असले बोलायचे नसते, हे तू इतक्या खात्रीने लिहिले आहेस की ते तुला कोणी शिकवले, हे विचारावेसे वाटते. पप्पांनी स्वतः तसे कधी म्हटले आहे का? तुझ्या पत्रात तरी नाही. त्यांना लाज वाटेल, असे तू लिहिले आहेस. लाज तुला वाटते आहे आणि ती तू त्यांच्या नावावर टाकली आहेस, असे तर झालेले नाही ना? कदाचित त्यांना अवघडल्यासारखे होईलही. पण अवघडणे आणि रागावणे यांत फरक आहे, आणि वयाच्या चाळिशीतला माणूस थोडा वेळ अवघडला तर त्याचे काही बिघडत नाही. त्यांचे लग्न झाले होते, त्यांना बहीण आहे. ही गोष्ट त्यांना तुझ्याकडून पहिल्यांदा कळणार आहे, असे समजू नकोस. उलट तू बारा वर्षांची झालीस तेव्हापासून ते स्वतःच 'हिला कोणी सांगितलं असेल का, आपण कसं विचारायचं' या विचारात असतील, ही शक्यता मला बरीच मोठी वाटते. या सदराकडे एकट्याने मुली वाढवणाऱ्या वडिलांची पत्रे येतात, त्यांत बहुतेकदा हाच प्रश्न असतो.

शिवाय तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. जो माणूस मुक्कामी ड्युटी करून आल्यावर रविवारी मुलीच्या ओढणीच्या घड्या इस्त्रीखाली नीट बसवतो, त्याला मुलीच्या कपड्यांचे, तिच्या रोजच्या गरजांचे वावडे नाही. त्याने 'दुसरा जोड कुठंय' असे विचारले, म्हणजे त्याचे लक्षही आहे. असा माणूस ही बातमी ऐकून तुला कमी लेखेल, असे मला वाटत नाही.

आई असती तर तिलाच सांगितले असते, असे तू लिहिलेस ते खरेच आहे आणि त्याबद्दल तुला वाईट वाटणे अगदी साहजिक आहे. मात्र ज्यांची आई घरात आहे अशाही अनेक मुली महिनोन्महिने गप्प राहतात. आई लगेच आत्याला फोन करील, खेळायला बंदी घालील, 'आता मोठी झालीस' म्हणून बोलणे सुरू करील, अशी त्यांची भीती असते. हे उत्तर त्याही मुलींनी वाचावे. 'पप्पा'च्या जागी 'आई' घातले तरी पुढचे बरेचसे तसेच लागू पडेल.

पप्पांना सोडून दुसरे कोणी नाही का, हाही विचार करून पाहू. शाळेतल्या बाई आहेत. तुझ्या वर्गातल्या तू पहिली मुलगी नाहीस. बऱ्याच शाळांत एखाद्या बाईंच्या कपाटात जास्तीची पॅड ठेवलेली असतात आणि मागितली तर मिळतात. उद्याच विचारायला हरकत नाही. आशाताई आहेत, त्यांचे हे कामच आहे. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाचे केंद्र असते, तेथेही विचारता येते. पलीकडच्या घरातली काकू आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असे तूच लिहिले आहेस. या सगळ्यांची मदत घ्यावी. तरी यांतले कोणीही तुझ्या घरात राहत नाही, दर महिन्याला पैसे देणार नाही आणि आजीशी बोलणार नाही. म्हणून बाईंना आधी सांगून धीर आला तर जरूर सांग, पण तेथेच थांबू नकोस.

आणि आजी? तुझी खरी भीती आजीची आहे, पप्पांची नाही, असे पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले. पप्पांना सांगितले की आजीला कळणार, आजीला कळले की मागची खोली, मग गौरी गेल्या हातातून, अशी साखळी तू मनात बांधली आहेस. या साखळीतल्या दोन कड्या वेगळ्या कर. तुला पाळी सुरू झाली आहे, ही तुझ्या शरीराची आणि तब्येतीची गोष्ट आहे आणि ती पप्पांना कळायलाच हवी. पाळीच्या दिवसांत घरात काय शिवायचे आणि काय नाही, हा घराच्या रीतीचा प्रश्न आहे आणि तो मोठ्या माणसांनी आपसांत बोलून सोडवायचा आहे. दुसऱ्याच्या भीतीने पहिली गोष्ट अडवून ठेवू नकोस.

माझे स्वतःचे मत विचारशील तर ते सरळ आहे. पाळीने अंग अपवित्र होत नाही, आणि गौरीच्या निऱ्या घालणारे, तोंडात टाचण्या धरून पदर बसवणारे हात त्या चार दिवसांत वेगळे होत नाहीत. पण माझे मत तुझ्या घरात चालणार नाही. तुझ्या पप्पांचे चालेल. आणि आजीही तुझी शत्रू नाही. त्यांच्या लहानपणी त्यांना जे शिकवले गेले ते त्यांनी पन्नास-साठ वर्षे पाळले. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारी ऋषिपंचमी बहुधा त्या करत असतील, बैलाच्या कष्टाचे न खाता ऋषीची भाजी शिजवत असतील. त्या व्रताची कहाणीच मुळी पाळीतल्या शिवाशिवीच्या दोषाभोवती फिरते. जी गोष्ट देवाधर्माच्या नावाने मनात बसली आहे ती बारा वर्षांच्या नातीने एका संध्याकाळी वाद घालून निघणार नाही, आणि तो वाद तू घालावास असे मी सुचवणारही नाही.

मात्र एक करून पाहा. आजीचे पाय चेपत असताना त्यांना विचार, "आजी, तुला पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा काय केलं होतं?" तुझ्या भागातल्या कित्येक घरांत त्या काळी पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत, बायका गाणी म्हणत, काही घरांत अजूनही करतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पुढे दर महिन्याला बाजूला बसायला लावले, तिचेच पहिल्या दिवशी कौतुक झाले. आजी काय सांगतील ते मला ठाऊक नाही. कदाचित मखर सांगतील, कदाचित गोठ्याशेजारच्या खोलीतली थंडी सांगतील. काहीही सांगितले तरी हा विषय तुमच्या दोघींत पहिल्यांदा उघडेल, आणि तोही तुझी गोष्ट अजून न सांगता. त्याच वेळी तुला हेही कळेल की आजीला कौतुक म्हणून हळदीकुंकू आणि ओटीचा घाट घालायचा आहे की काय. तुला तो नको असेल तर नको म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. तुझ्या शरीराची बातमी कोणाकोणाला द्यायची, हे तू ठरवायचे आणि पप्पांना तसे सांगून ठेवायचे.

गौरींच्या दिवसांत पाळी आलीच तर काय, याचाही विचार आत्ताच केलेला बरा. गपचूप राहून साड्या नेसवायच्या, असा एक मार्ग आहे. अनेक बायका तो पत्करतात, त्यात मला पाप दिसत नाही, आणि तू तसे केलेस तरी कोणतीही देवी तुझ्यावर कोपणार नाही. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात, एकाच न्हाणीघरात, तीन दिवस पकडले जाण्याच्या भीतीने वावरणे हा सण नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे आजी म्हणतील तसे मुकाट्याने बसणे. तो मला अन्यायाचा वाटतो. तिसरा मार्ग, पप्पांनी आधीच आजीशी बोलून ठेवण्याचा, त्यातल्या त्यात बरा. त्यातून कदाचित पूर्ण मोकळीक मिळणार नाही. अनेक घरांत अशी तडजोड होते की देव्हाऱ्याला आणि नैवेद्याला हात लावायचा नाही, बाकी काही पाळायचे नाही. अशी तडजोड झाली आणि तू यंदापुरती ती मान्य केलीस, तर तू हरलीस असे मी म्हणणार नाही. पाळी तेवढ्यात आली नाही तर साड्या तूच नेसवशील, आली तर कोणत्या गौरीला कोणती साडी, पदर कुठून काढायचा, हे तू शेजारी बसून सांगशील. परंतु काही गोष्टींवर मात्र तडजोड नको: जेवण सगळ्यांबरोबर आणि पोटभर, झोप नेहमीच्या अंथरुणात, आणि शाळा एक दिवसही बुडवायची नाही. हे पप्पांनी आजीला स्पष्ट सांगायचे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. भाद्रपदात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते आणि काकू, आत्या किंवा एखादी ताई 'एवढी गोळी घे, काही होत नाही' असे म्हणून तुझ्या हातावर ठेवील. घेऊ नकोस. नॉरएथिस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या या गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय कोणीच घ्यायच्या नसतात, आणि त्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. तुझी तारीखच अजून बसलेली नाही, मग तीन दिवस आधी म्हणजे कधी? नुकत्याच सुरू झालेल्या पाळीत सणासाठी ढवळाढवळ करण्याचे काहीही कारण नाही.

पैशांचा प्रश्न तुला मोठा वाटतो, तो खरे तर लहान आहे. दिवसाला चार-पाच याप्रमाणे एका पाळीला वीस-पंचवीस पॅड लागतात असे धर. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळते; तालुक्याच्या गावी असे केंद्र बहुधा असते. दुकानातले महागडे पाकीट घेतले तरी तुझ्या शिकवणीच्या रिक्षाभाड्याहून ते जास्त नसेल. घरी स्वच्छ सुती कापड वापरले तरी चालते, अट एवढीच की ते थंड पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे आणि ते घंटागाडीत जाऊ द्यायचे. संडासात टाकले तर नळी तुंबते आणि मग गुपित सगळ्या गल्लीला कळते. दप्तरात दोन पॅड, जास्तीची निकर आणि एक जुने वर्तमानपत्र नेहमी ठेव. वहीच्या मागच्या पानावर पाळी सुरू झाल्याची तारीख लिहीत जा, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की उत्तर तयार असेल. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देत असतील, तर ती खिशात घालून घरी येऊन फेकू नकोस, जेवणानंतर घे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले होते.

लपवलेली सलवार आजच बाहेर काढ. थंड पाण्यात भिजवून साबण चोळ. गरम पाणी घालू नकोस आणि डाग असताना इस्त्री फिरवू नकोस, त्याने रक्ताचा डाग पक्का होतो. पूर्ण गेला नाही तरी फिकट होईल, आणि कमीज त्यावर असतेच.

हे वाचणाऱ्या वडिलांशीही थोडे बोलायचे आहे. तुमची मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली असेल तर तिच्या पत्राची वाट पाहू नका. कपाटात एक पाकीट आणून ठेवा आणि ते कशासाठी आहे, कसे वापरायचे, लागले तर कोणाला विचारायचे, हे पाच मिनिटांत सांगा. शब्द सापडत नसतील तर 'पाळी' हा शब्द पुरेसा आहे. ती सांगायला आली तर हातातले काम थांबवा, ऐका, आणि 'बरं झालं सांगितलंस' एवढे म्हणा. 'आता मुलांबरोबर खेळायचं नाही' हे वाक्य त्या दिवशी नको आणि नंतरही नको. सगळे ऐकून घेऊन 'तुझ्या काकूला विचार' म्हणून विषय संपवू नका; सांगायला ती तुमच्याकडे आली होती.

आता, मैत्रिणी, प्रत्यक्ष सांगायचे कसे. मुक्कामी ड्युटीवरून थकून आल्या आल्या नको आणि आजी ऐकत असताना नको. मोटारसायकलवर मागे बसून सांगावे, असे काही मुली करतात, कारण समोर पाहावे लागत नाही. पण रस्त्यावर ऐकू न येऊन तेच वाक्य दुसऱ्यांदा ओरडून सांगण्याची वेळ आली तर पंचाईत. तुझ्यासाठी रविवारची इस्त्रीची वेळ मला उत्तम वाटते. त्यांची नजर कपड्यावर असते, तुझी घड्यांवर. धुतलेली ती सलवार घेऊन जा आणि म्हण, "पप्पा, ही टेलरकडं नव्हती. मला एप्रिलपासून पाळी येतेय. या सलवारीला डाग पडला म्हणून मी लपवली होती. मला दर महिन्याला पॅडसाठी पैसे लागतील. आणि गौरीच्या आधी आजीशी तुम्ही बोला, मला भीती वाटते." यात बातमी आहे, टेलरची थाप आपोआप दुरुस्त होते आणि त्यांना काय करायचे आहे तेही आहे. वडीलमाणसांना काहीतरी करायला सांगितले की त्यांचे अवघडणे लवकर जाते. तोंडाने जमणार नाही असे वाटले तर हीच वाक्ये कागदावर लिहून त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेव; मुक्कामाच्या गावी रात्री ते निवांत वाचतील आणि घरी येईपर्यंत त्यांना विचार करायला वेळ मिळेल. फोनवर मेसेज पाठवायचा असेल तर मात्र जपून, तो फोन डेपोत चारचौघांत उघडला जातो.

ते गप्प बसतील. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या शांततेचा तू चुकीचा अर्थ लावशील. गप्प बसणे म्हणजे राग नव्हे. त्यांना त्या क्षणी तुझी आई आठवत असेल, किंवा नुसतेच शब्द सुचत नसतील. थोडा वेळ जाऊ दे. तीन-चार दिवसांत त्यांच्याकडून काहीच हालचाल झाली नाही, तर पुन्हा एकदा, पैशांपुरते विचार. आणि माझा अंदाज पूर्णपणे चुकून त्यांनी हात उगारला किंवा शाळा बंद करण्याची भाषा केली, तर बाईंना त्याच दिवशी सांग, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन कर. मुलांच्या मदतीसाठीचा तो क्रमांक आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ते 'काकूला सांग' म्हणतील, ही शक्यता मात्र दाट आहे, कारण बहुतेक वडिलांना तेच पहिल्यांदा सुचते. त्यावर रुसू नकोस आणि तेथून उठूनही जाऊ नकोस. म्हण, "काकूला सांगायचं की नाही ते मी बघते, पप्पा. पण पैसे आणि आजी, ही दोन कामं तुमची."